म्हैस जेवली का?

म्हैस म्हणजे दूध देणारी म्हैस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती दहा लाख लिटरची काँक्रीटची बंद टाकी होती. बाहेरून हिरवा रंग, डोक्यावर फुगणारं रबरी छत आणि पोटात अर्ध्या शहराचा ओला कचरा. तो कचरा आत कुजायचा, कुजताना गॅस सुटायचा आणि तो गॅस नळाने शेजारच्या सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जाऊन अडीचशे रोग्यांचं जेवण शिजवायचा. पण कचरा टाकला आणि गॅस आला इतकं ते सोपं नसतं. आत जिवंत जंतू लागतात, आणि ते अगदी सुरुवातीला एका गोठ्यातून बारा ट्रक शेण आणून सोडलेले होते. तेव्हापासून कामगार तिला म्हैस म्हणायला लागले. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, त्यात ‘एकात्मिक’ आणि ‘शाश्वत’ असे दोन भारदस्त शब्द होते. ते फाटकावरच्या पाटीवर होते आणि पाटीवरच राहिले.

म्हशीला चारा घालणारी बाई ती चारावाली. तिच्या हुद्द्याचंही असंच एक अवघड नाव होतं, ते तिलासुद्धा धड सांगता यायचं नाही. काम मात्र पक्कं ठाऊक होतं. आलेल्या कचऱ्यात भाजी किती, शिळं अन्न किती, फळं किती हे नजरेने ठरवायचं, प्लास्टिक आणि हाडं वेगळी काढून घ्यायची, उरलेलं पाणी घालून वाटायचं आणि म्हशीच्या तोंडी सोडायचं. प्रयोगशाळेत आंबटपणा मोजायचं यंत्र होतं, पण यंत्राला जे उद्या कळायचं ते हिच्या नाकाला आज कळायचं. रोज सकाळी सात वाजता ती खालच्या तोटीतून वाटीभर गाळ काढायची आणि नाकाशी धरायची. ओल्या मातीचा, गोठ्याचा वास आला की सगळं आलबेल. वासात जरा जरी आंबूसपणा आला की त्या दिवशी म्हशीला लंघन, मग वरून कितीही फोन येवोत. अकरा वर्षांत म्हैस एकदाही आजारी पडली नव्हती. चारावालीला स्वतःला त्या काळात दोनदा न्यूमोनिया झाला होता.

“आमच्या सुनेला दोन सासवा,” तिची सासू आल्यागेल्याला सांगायची. “एक घरी, एक कामावर. पथ्यपाणी सगळं त्या दुसरीचं.”

फाटकाजवळ वजनकाटा होता, गाड्या तोलायचा. तिथल्या काचेच्या खोलीत तिचा धाकटा दीर बसायचा. त्याला ती नोकरी हिच्याच शब्दावर लागली होती, म्हणून तो तिची थट्टा जरा जपून करायचा, पण करायचाच. सकाळी ती तोटीकडून परत आली की खिडकीतून डोकं काढून विचारायचा, “वहिनी, म्हैस जेवली का?” ती उत्तर द्यायची, “जेवली,” किंवा “आज अर्धपोटी,” किंवा “आज काही नको म्हणाली.” तो ते वहीत उतरवायचा. कधी गाड्या यायच्या आधी तिला काट्यावर उभं करायचा. तो काटा ट्रकांसाठी केलेला, वीस-वीस किलोंच्याच टप्प्याने हलणारा. चारावाली वर चढली की आकडा यायचा साठ.

“अकरा वर्षांत वहिनी साठच्या साठ,” तो म्हणायचा. “बाकी जगाचं वजन वाढलं.”

“तुमचा काटाच ठोकळ्या डोक्याचा आहे, भाऊजी,” ती म्हणायची, आणि दिवस सुरू व्हायचा.

आता म्हशीचं वाटोळं कसं झालं ते. ते तिच्या गुणामुळेच झालं, आणि याचाच सगळ्यात जास्त राग येतो. सुरुवातीला शहरातली हॉटेलं आणि भाजीबाजार आपला कचरा हात जोडून द्यायचे. घेऊन जा बाबांनो, तेवढीच घाण टळली. तो कचरा म्हणजे म्हशीचं पंचपक्वान्न. एका टनाला भरपूर गॅस. पाच-सहा वर्षांत म्हशीचं नाव झालं. वर्तमानपत्रात फोटो आले, लोक पाहायला येऊ लागले, आणि हॉटेलवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: ज्यातून गॅस निघतो तो कचरा आपण फुकट का देतोय? त्यांनी भाव सांगितला. बाजाराने त्याहून जास्त सांगितला. डुकरं पाळणाऱ्यांनी तो कबूल केला, आणि शहराबाहेर एक मोठी कंपनी आली तिने तर वर्षाचा ठेकाच करून टाकला. म्हशीच्या वाट्याला राहिला तो कुणालाच नको असलेला माल. घरांमधला मिसळलेला कचरा, त्यात लंगोट, फुटके कप, वायरी, बॅटऱ्या, आणि निम्मं नुसतं पाणी. कचऱ्याला किंमत आली आणि कचरा यायचा बंद झाला. हे अर्थशास्त्र चारावालीला कुणी शिकवलं नव्हतं. ती रोज दोन्ही हातांनी ते चिवडत होती.

गॅस निम्म्यावर आला. रुग्णालयाच्या स्वयंपाकिणीचा रोज अकरा वाजता फोन यायचा, “अहो, तुमची शेगडी फुसफुसतेय.”

अशात इंजिनियर साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे तिशीचा मुलगा, सरळ स्वभावाचा, टाकी चालवणाऱ्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी पाठवलेला. त्याने सांगितलं की तीन आठवड्यांनी पालिकेची तपासणी आहे. तीन दिवस रोज सहाशे घनमीटर गॅस दाखवायचा. दाखवला तर दहा वर्षांचा नवा करार. नाही दाखवला तर टाकी रिकामी करायची, फाटकाला कुलूप.

“आणि म्हैस?” चारावालीने विचारलं.

“तेच सांगतोय ना ताई. उपसून टाकायची.”

नोकरीचं म्हणाल तर चारावालीला दुसरी कुठेही मिळाली असती, हातांना सवय होती. पण अकरा वर्षं जे जीव तिने डोळ्यांनी कधी पाहिले नाहीत आणि नाकाने रोज विचारपूस केली, ते पंपाने ओढून गटारात सोडणार, हे तिला सहन होईना. लोक हसतील म्हणून ती हे कुणापाशी बोलली नाही. तिचा त्या टाकीत जीव अडकला होता, इतकं खरं.

दहाच दिवस उरले तेव्हा साहेबाने उपाय आणला. एका थंड पेयांच्या कारखान्यात मुदत संपलेला गोड पाक पडून होता, सात टँकर. कारखान्याला तो फेकायलाही पैसे पडत होते, त्यामुळे फुकटात मिळत होता. साखर म्हणजे तर नुसता गॅस.

चारावालीने बोटावर घेऊन वास घेतला. “साहेब, हे नको. हे दिलं की ती तीन दिवस नाचेल आणि चौथ्या दिवशी आंबून जाईल. एकदा पोट आंबलं की आतले सगळे मरतात.”

“तीनच दिवस तर हवेत, ताई.”

“आणि नंतर?”

“नंतर करार आपल्या हातात. मग काय ते औषधपाणी करू. तुम्हीच सांगा काय लागेल.”

तिने बोटं मोजून सांगितलं. दोन महिने कचरा पूर्ण बंद. आधी चुना. मग गोठ्याचं शेण, निदान दहा ट्रक. मग हळूहळू चारा, लहान मुलाला भरवतात तसा. साहेबाने डायरीत लिहून घेतलं, प्रत्येक गोष्टीपुढे टिंब काढून, आणि म्हणाला, “दिलं. माझा शब्द.” तो खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि अशीच माणसं जास्त घात करतात.

घरी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, त्याचा सगळा विश्वास स्क्रूवर. “कराराचा कागद वाचलास का?” त्याने विचारलं.

“मला काय त्यातलं कळणार? साहेबाने शब्द दिलाय.”

“शब्द दिला, पण तो खर्चात कुठे दाखवणार?”

सासू म्हणाली, “जेवू दे रे तिला.” विषय तिथेच राहिला. चारावालीला रात्रभर वाटत राहिलं की आपण म्हशीला वाचवण्यासाठीच तिला विष घालतोय, पण दुसरी वाट कुणी दाखवली असती तर तिने धरली असती. दुसरी वाट नव्हती.

पाक तिने आपल्या हातांनी सोडला. साहेब म्हणत होता तेवढा नाही, त्याच्या निम्मा, आणि तोही चार-चार तासांनी, चमच्याने पाजावा तसा. तपासणीच्या पहिल्या दिवशी छत असं तट्ट फुगलं की कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मीटर सहाशे चाळीस. दुसऱ्या दिवशी सहाशे ऐंशी. पालिकेचे तपासणी अधिकारी एक पोक्त गृहस्थ होते. पांढरी टोपी घालून आले, मीटरचा आकडा स्वतःच्या हाताने उतरवून घेतला, आणि रुग्णालयाच्या शेगडीवर स्वतः चहा करवून प्यायले.

तिसऱ्या दिवशी सात वाजता चारावालीने तोटी उघडली. वाटी नाकाशी न्यायच्या आधीच तिला वास आला. शिरक्यासारखा आंबट आणि त्याच्या मागून लहान मूल दूध ओकतं तसा. ती खाली बसली. काठीने ढवळून पुन्हा वास घेतला, जणू दुसऱ्यांदा घेतला तर बदलेल. मग तिने पाक बंद केला, चुन्याची पोती फोडली, आणि धापा टाकत एकटीने अकरा पोती आत ओतली. दहा लाख लिटरांना अकरा पोती म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मीटर अजून सहाशेच दाखवत होता. पोट बिघडलं तरी वारा सुटतोच, आणि मीटर वाराच मोजतो; तो पेटतो की नाही हे त्याला कळत नाही. पण आवारातल्या उंच नळीवर जी ज्योत लावून दाखवायची ती काही धरेना. निळसर व्हायची, थरथरायची, विझायची. अधिकारी यायला वीस मिनिटं होती. साहेबाने कपाळावरचा घाम पुसला, उपाहारगृहातलं सिलिंडर ओढत आणलं आणि नळीच्या बुडाशी जोडून वर गोणपाट टाकलं. ज्योत पिवळीधमक उभी राहिली.

अधिकाऱ्यांनी ज्योतीपुढे उभं राहून फोटो काढला. जाता जाता ते चारावालीजवळ थांबले. तिचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झाले होते. “तुम्हीच ना त्या, नाकाने सांगणाऱ्या? साहेब फार कौतुक करत होते. मग, काय म्हणतं तुमचं नाक? सगळं ठीक?”

तिच्या डोळ्यांसमोर साहेबाची डायरी होती. दोन महिने, चुना, दहा ट्रक शेण. आता खरं बोललं तर उद्याच पंप लागणार. खोटं बोललं तर निदान दोन महिने मिळतील.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

करार झाला. पेढे वाटतात तसे सगळ्यांना नवे गणवेश वाटले. चारावाली आठवडाभर वाट पाहत राहिली, मग आपणच साहेबाच्या खोलीत गेली. “साहेब, गाड्या अजून येतायत. बंद करायच्या होत्या ना? वास फार वाढलाय. अजून चार दिवसांत काहीच उरणार नाही.”

साहेबाने तिला खुर्ची दिली. पहिल्यांदाच दिली, त्यावरूनच तिने ओळखायला हवं होतं. त्याने कराराचा कागद तिच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पालिका पैसे देणार ते वजनकाट्यावर आलेल्या कचऱ्याच्या दर टनाला. गॅसबद्दल एकच वाक्य होतं: क्षमता तपासणीत सिद्ध झालेली आहे.

“म्हणजे?” ती म्हणाली.

“म्हणजे गाड्या दोन महिने बंद केल्या तर दोन महिने एक पैसा नाही. पगार कुठून देऊ?” तो तिला समजावून सांगू लागला, अगदी मनापासून. कचरा निवडायला माणसं लागतात. वाटायला वीज लागते. पाणी लागतं, शेण विकत घ्यावं लागतं. एवढं करून जो गॅस निघतो त्याला रुग्णालय देतं ते याच्या निम्मंसुद्धा नाही. “गॅस काढला की तोटा, ताई. नुसता कचरा घेतला की फायदा. मी तीनदा मांडून बघितलं. मला वाटलं होतं जमेल. कसंही फिरवा, तेच येतं.”

तिने वाद घालायचा प्रयत्न केला. पण आकडा चुकीचा कुठे होता? जो आकडा साहेबाच्या कागदावर होता तोच ती तीन वर्षं कचऱ्यात पाहत होती. “मग तपासणी कशाला केली?” एवढंच तिने विचारलं.

“करारासाठी,” साहेब म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली. डायरी टेबलावरच पडली होती. टिंबं तशीच होती.

म्हैस त्याच आठवड्यात गेली. छत खाली बसलं आणि त्यावर पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलं. रुग्णालयात पूर्वीसारखी सिलिंडरं आली. स्वयंपाकिणीने फोन करणं सोडून दिलं. आणि गंमत बघा, टाकीचा हा कारखाना असा कधी चालला नव्हता. आता निवडायचं नाही, वाटायचं नाही, वास घ्यायचा नाही. गाडी फाटकातून आत येते, काट्यावर चढते, वजन लिहिलं जातं, शेडला वळसा घालून मागच्या दाराने बाहेर पडते आणि शहराबाहेरच्या डोंगराएवढ्या ढिगावर रिकामी होते. दिवसाला तीस गाड्या यायच्या त्या सत्तर झाल्या. दिराचा पगार वाढला. साहेबाला बढती मिळाली, तो दुसऱ्या शहरात अशीच टाकी उभारायला गेला. पाहुणे येतात तेव्हा ज्योत लागते, म्हणून महिन्याला चार सिलिंडरं विकत येतात. ती जोडायचं आणि वर गोणपाट टाकायचं काम चारावालीकडे आलं. हुद्द्याचं नाव तेच राहिलं.

नवऱ्याने एकदाच म्हटलं, “सोडून दे.” दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली. सासूने हल्ली दोन सासवांची थट्टा बंद केली होती, आणि ते चारावालीला सगळ्यात जास्त लागलं. घरात कुणी गेल्यावर करतात तसं सगळे तिच्याशी हळू बोलत होते.

मग एका सकाळी ती बादली घेऊन आली. वाटेत एक गोठा होता, तिथून रोज एक बादली शेण ती स्वतःच्या खिशातून घ्यायची. पाण्यात कालवून, जुन्या झाकणातून म्हशीच्या तोंडी ओतायची, तोटी उघडायची, वाटी नाकाशी धरायची. शिरका, रोज शिरकाच. दहा लाख लिटरांत एक बादली. हिशोब तिला येत नव्हता असं नाही.

दीर आठ दिवस काचेच्या आडून बघत राहिला. तो तिला म्हैस जेवली का हे विचारेनासा झाला होता. वहीतला तो रकाना तपासणीनंतरच्या दिवसापासून कोरा होता. नवव्या दिवशी पहिली गाडी यायच्या आधी त्याने हाक मारली, “वहिनी, जरा काट्यावर या. बादलीसकट.” त्याला वाटलं असावं, निदान हे तरी वहीत लिहू, कुठेतरी राहील.

ती चढली. आकडा आला साठ.

“आता बादली खाली ठेवून या.”

ती बादली खाली ठेवून आली. साठ.

“आता नुसती बादली ठेवा.”

तिने बादली काट्याच्या मधोमध ठेवली आणि बाजूला झाली. एवढा मोठा लोखंडी पत्रा आणि त्यावर ती एक बादली. आकडा शून्यावर होता. दिराने काचेवर टिचकी मारली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. शून्य.

“वीसच्या खालचं याला दिसत नाही हो, वहिनी,” तो म्हणाला.

“ठोकळ्या डोक्याचाच आहे तो,” ती म्हणाली. तिने बादली उचलली, टाकीपाशी नेली, झाकण उघडून ओतली, झाकण लावलं, हात धुतले. परत आली तेव्हा फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि पहिला ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. दिराने खिडकीतून डोकं काढलं. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

“वहिनी, म्हैस जेवली का?”

“जेवली,” ती म्हणाली.

त्याने पेन उचललं, कोऱ्या रकान्यावर थोडा वेळ धरून ठेवलं, आणि मग खाली ठेवून गाडीला आत यायचा हात केला.